आबांची दुनळी

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर विळा, खुरपं, कुऱ्हाड, पाभरीचा फण आणि आईच्या शिवणयंत्राची कात्री मांडली जायची. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, माझ्या वडिलांची, आबांची, दुनळी बंदूक उभी असायची. आदल्या संध्याकाळी आबा तिची नळी वेगळी करून आतून तेलाचा बोळा फिरवत आणि उजेडाकडे धरून बघत. हळदीकुंकवाचं बोट लाकडी दस्त्यालाच लावायचं, लोखंडाला नाही, हा त्यांचा नियम. काडतुसं पूजेला कधीच नसत. ती मधल्या खोलीतल्या पेटीत असत आणि पेटीची किल्ली आबांच्या करदोट्याला. "बंदूक आणि काडतूस एका खोलीत झोपत नसतात," असं ते म्हणत.

आमचं गाव अणदूर. तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गाच्या शेजारी. आमचा देव खंडोबा. तो वर्षातले काही महिने अणदुरात राहतो आणि काही महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. ज्याच्या नावातच खंडा आहे अशा देवाच्या गावात शस्त्राचं कुणाला वावडं असण्याचं कारण नाही. तरी पूर्ण गावात परवान्याच्या बंदुका मोजून दोन-तीन, आणि त्यांतली एक आमची.

२०२१ साली आबा गेले. दिवसकार्य उरकायच्या आत पोलीस पाटील दारात आले. चहा घेतला, थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बाई, बंदूक जमा करावी लागंल. परवाना माणसाच्या नावचा असतो, घराच्या नावचा नसतो." बरोबरच होतं त्यांचं. परवानाधारक वारला की शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावं लागतं, असा शस्त्र कायदाच आहे. मी बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून नेली. पावतीवर नळीवरचा क्रमांक लिहून घेतला. घरी आले तर भिंतीवरच्या दोन खुंट्या मोकळ्या होत्या.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि आता शेती बघते. भावंडं नाहीत. मुलगा पुण्यात, त्याला ना शेत हवं ना बंदूक. म्हणून वारस म्हणून मी अर्ज केला. २०१६च्या शस्त्र नियमांत ती सोय आहे. परवानाधारक वारला, किंवा तो सत्तरीचा झाला, किंवा त्यानं पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, तर त्याच्या वारसाला अर्ज करता येतो. मग चारित्र्य पडताळणी, पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण, आणि शेवटी जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही. यातली एकही पायरी मला जास्तीची वाटली नाही. खुपलं ते दुसरंच. एका कार्यालयात टेबलापलीकडच्या माणसानं कागद न उघडताच विचारलं, "तुम्ही शिकवणारं माणूस. बाईमाणसाला बंदूक कशाला? मुलाच्या नावावर करा." मी सांगितलं, शेत माझ्या नावावर आहे, राखणीला मी जाते, मुलगा नाही. त्यानं फाईल बाजूला सारली. त्या टेबलापाशी मी सात खेपा केल्या.

सातव्या खेपेनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो पुण्यात नोकरी करतो आणि नेमबाजीचा नाद बाळगून आहे. माझी हकीकत ऐकून तो तापला. "बाई, म्हणूनच आम्ही म्हणतो, हा हक्क पाहिजे, मेहेरबानी नको." आपल्या देशात बंदूकधारकांच्या हक्कासाठी बोलणारी माणसं आहेत, त्यांची 'नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया' नावाची संघटना आहे, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण ते टाकाऊ नाही. कायदा ज्याला पाळायचा आहे त्यालाच अडवतो, असं तो म्हणतो. मी महिनोन्‌महिने खेपा घालते आणि गुंड मात्र गावठी कट्टा कमरेला लावून फिरतो. जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'चा २०१७चा अंदाज त्यानं मला वाचून दाखवला. भारतात सामान्य माणसांच्या हाती सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका, आणि त्यांतल्या नोंदलेल्या जेमतेम ९७ लाख. म्हणजे सातांतल्या सहा बंदुकांचा कुठल्याच दप्तरात पत्ता नाही. अमेरिकेत याच अंदाजानं ३९ कोटींहून जास्त बंदुका आहेत, माणसांपेक्षा अधिक. तिथं १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनं शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आणि २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचा निकाल दिला. आपल्याकडे उलट आहे. २०२३ साली विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना आपल्या सर्वोच्च न्यायालयानं साफ सांगितलं की शस्त्र बाळगणं हा भारतात मूलभूत हक्क नाही.

हक्क मागणाऱ्या या मंडळींचा सर्वांत मोठा झगडा २०१९चा. तोवर एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. सरकारनं त्या वर्षी शस्त्र कायद्याचं दुरुस्ती विधेयक आणलं तेव्हा मूळ मसुद्यात फक्त एकीला जागा होती. पंजाबच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांपासून राजस्थानच्या जुन्या घराण्यांपर्यंत अनेकांनी हरकत घेतली. आजोबांची तलवारीसारखी जपलेली बंदूक आम्ही कुठं द्यायची, हा त्यांचा सवाल होता. अखेर एकीच्या दोन झाल्या. डिसेंबरात कायदा झाला, तिसरी बंदूक वर्षाच्या आत जमा करायची ठरली आणि नोंदणीकृत नेमबाजांना वेगळी सूट मिळाली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. बेकायदा शस्त्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली.

माझा विद्यार्थी म्हणतो की इंग्रजांनी आपल्याला नि:शस्त्र केलं आणि आपण तोच कायदा पुढे चालवला. पहिला भाग अगदी खरा आहे. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८चा शस्त्र कायदा गोऱ्यांना सूट देत होता आणि इथल्या माणसाला परवाना मागायला लावत होता. काँग्रेसनं १८८७च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचा आयुष्यभर आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९१८ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना या कायद्याला इंग्रजांच्या काळ्या करणींत धरलं होतं. १९३१च्या कराची ठरावात तर मूलभूत हक्कांच्या यादीतच शस्त्र बाळगण्याचा हक्क आला, 'त्यासंबंधीच्या नियमांना व मर्यादांना धरून' अशी जोड देऊन. वर्गात मी हे दरवर्षी शिकवलं. पण त्यापुढचं पान मला शाळेतल्या कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. ते मला आबांकडून मिळालं.

आबा १९३६चे. त्यांच्या लहानपणी आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात. १९४७ संपता संपता गावोगाव दहशत बसली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रातोरात विमानं भरून निजामाला हत्यारं पुरवत होता आणि आमच्या गल्लीत माळवदावर दगडगोटे रचून ठेवले होते. हे आबांचे शब्द: "विमानातनं त्यांच्या बंदुका, आमच्या माळवदावर धोंडे." ज्यांना लढायचं होतं ते सोलापूर, बार्शीच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेले. कॅम्प चालवायला आणि हत्यारं घ्यायला पैसा लागतो म्हणून जानेवारी १९४८मध्ये नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली गेली. ज्यांना लढता येत नव्हतं ते पळाले. माझी आजी आबांना आणि दोन आत्यांना बैलगाडीत घालून सोलापूरला बहिणीकडे गेली. जाताना तिनं जात्याचा खुंटा काढून सोबत घेतला होता. वाटेत कुणी अडवलं तर मारायला तेवढंच घरात होतं.

ज्याच्या आजीनं जात्याचा खुंटा हत्यार म्हणून हाती धरला त्याला 'सामान्य माणसाला शस्त्र कशाला' असं कुणी म्हणू नये. आबा हे बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या दुनळीचं मूळ तिथंच होतं, याबद्दल मला शंका नाही.

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून याच रस्त्यानं आत शिरली. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी तिनं ताब्यात घेतला, म्हणून पुढची वाट मोकळी झाली. १७ तारखेला निजामानं हार मानली. दरवर्षी त्या दिवशी झेंडावंदन होतं आणि मीही शाळेत भाषणं केली आहेत.

आजी मुलांना घेऊन परतली तेव्हा शेजारचं पिंजाऱ्याचं घर उघडं होतं. आबा सांगत, दाराची कडी लोंबत होती आणि आत कापसाची धनुकली भिंतीला तशीच टांगलेली होती. त्या घरातला एक मुलगा आबांच्याच वयाचा. ती माणसं कुठं गेली हे आबांना कुणी सांगितलं नाही, आणि म्हातारपणीही ते तेवढंच सांगून थांबत. पुढे पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीचा अहवाल वाचला तेव्हा मला ते थांबणं कळलं. फौजेच्या त्या कारवाईनंतर, जिला 'पोलीस कारवाई' म्हणतात, मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते पाहायला नेहरूंनी ही समिती पाठवली होती. तिचा अंदाज २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा. सर्वांत वाईट अवस्था चार जिल्ह्यांची, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं बाहेर आलाच नाही. काल ज्यांच्या हाती हत्यार नव्हतं त्यांतल्या काहींच्या हाती ते आज आलं होतं. हातांवर लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं.

समिती आमच्याकडे फिरत होती ते दिवस नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८चे. त्याच डिसेंबराच्या सुरुवातीला दिल्लीत घटनासमितीत हरि विष्णू कामत उठले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली: कराची ठरावात होता तसा शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घालावा. त्यांनी काँग्रेसच्या जुन्या मागणीची आठवण दिली. उत्तर दिलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: परक्या सरकारनं आपल्याला नि:शस्त्र केलं तेव्हा ती मागणी योग्य होती, पण आता परिस्थिती वेगळी आहे. सगळ्यांना हक्क म्हटल्यावर सराईत गुन्हेगारालाही तो द्यावा लागेल, आणि बाजारात जाऊन कुणीही हवं ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं? नागरिकाचा शस्त्र बाळगण्याचा हक्क महत्त्वाचा नाही, वेळ पडली तर देशासाठी शस्त्र हाती घेण्याचं कर्तव्य महत्त्वाचं आहे. कामतांची दुरुस्ती नामंजूर झाली.

या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कामत बोलत होते ते माझ्या आजीच्या बाजूनं. आंबेडकर बोलत होते ते, त्यांच्या मनात उस्मानाबाद असो वा नसो, त्या पिंजाऱ्याच्या घराच्या बाजूनं. दोन्ही घरं आमच्याच गल्लीत होती. माझा विद्यार्थी पहिल्या घराची गोष्ट जाणतो आणि त्यावरून दुसरं घर पुसून टाकतो. मला ते जमत नाही. शस्त्र कुणाच्या हातात आहे हे सरकारला ठाऊक असलं पाहिजे आणि त्या हाताला जाब विचारता आला पाहिजे, या बाबतीत मी पूर्णपणे बाबासाहेबांच्या बाजूची आहे.

पण बाबासाहेबांच्या बाजूनं उभं राहिल्यावर राज्यावरही एक जबाबदारी येते, आणि तिथं मी माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूनं बोलते. १९५९चा शस्त्र कायदा, जो १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला, तो शेतकऱ्याला विसरलेला नाही. त्याचं १३वं कलम सांगतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी ठरावीक लांबीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याला, गैर काही आढळलं नाही तर परवाना द्यावा. १४वं कलम सांगतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारता येणार नाही, आणि नाकारलंच तर कारण लेखी नोंदवावं लागेल. म्हणजे दोन एकरवाल्यालाही कायदा दारात उभं करतो. कोकणात सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाचे परवाने आजही हजारोंनी आहेत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सगळ्यांच्या बंदुका सरसकट ठाण्यात जमा व्हायच्या आणि ऐन भात पिकताना डुकरांना रान मोकळं व्हायचं. मुंबई उच्च न्यायालयानं २००९मध्ये सांगितलं की सरसकट नको, छाननी समितीनं परवानाधारकाची पार्श्वभूमी पाहून ठरवावं. मला असा नियम आवडतो. तो माणसाकडे बघतो, जमावाकडे नाही.

आमच्याकडे बार काढायचा तो हवेतच. काळविटाला बंदूक दाखवणंसुद्धा गुन्ह्याच्या वाटेवरचं, आणि रानडुकराला मारायचं तरी वन्यजीव कायद्याच्या ११व्या कलमाखाली आधी वनखात्याची परवानगी लागते. आबांनी चाळीसहून अधिक वर्षांत तेवढंच केलं. भुईमुगात कळप शिरल्याचा आवाज आला की एक बार, मग दोन रात्री शांतता. डिसेंबर २०२४मध्ये टिपेश्वरचा वाघ चालत चालत येडशीच्या रामलिंग अभयारण्यापर्यंत आला, तेव्हा गावातले लोक म्हणाले, बाई, आता तरी बंदूक सोडवून आणा. वाघासाठी बंदूक नसते, हे मला त्यांना समजवावं लागलं.

त्याच महिन्यात, ९ डिसेंबरला, शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला. त्यानंतर सगळ्या महाराष्ट्राला कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने आहेत. लग्नाच्या वरातीत पिस्तूल दाखवणारे आणि कमरेला लावून चित्रफिती काढणारे लोक टीव्हीवर दिसू लागले. प्रशासनानं तपासणी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले, ते चांगलंच झालं. मला मात्र एकच प्रश्न पडला. या परवान्यांवरही चारित्र्य पडताळणी झालेली होती, अहवाल आलेले होते, सह्या होत्या. कायदा तोच, नमुना अर्ज तोच. मग ज्याच्यावर गुन्हे आहेत त्याची फाईल चालत गेली आणि राखणीला जाणाऱ्या बाईची फाईल बाजूला सारली गेली, ती कशामुळे? हक्कवाले म्हणतात की कायदा सैल करा. बीड बघितल्यावर मी तसं म्हणूच शकत नाही. तिथं कायदा कमी पडला नव्हता, तो माणूस बघून वळला होता. माझी मागणी एवढीच की अर्जाला मुदतीत उत्तर मिळावं, नकाराचं कारण लेखी मिळावं, आणि कुणाच्या ओळखीनं परवाना निघाला असेल तर ती ओळखही दप्तरात नोंदलेली असावी. हे फोनवर सांगितलं तेव्हा माझा विद्यार्थी म्हणाला, "बाई, मग तुम्ही आमच्यातल्याच." मी म्हटलं, "नाही रे बाळा. तू कमी कागद मागतोस. मी म्हणते, कागद सगळ्यांना सारखा लागू कर."

मी अपिलाची तयारी केली, तेव्हा फाईल हलली. परवाना या वर्षी मिळाला, पाच वर्षांचा. पावती दाखवून बंदूक सोडवली तेव्हा तिथल्या हवालदारांनी नळीवरचा क्रमांक माझ्यासमोर वाचून जुळवला, सही घेतली आणि म्हणाले, "आबांची हाय का ही? सांभाळा बाई." खुंट्यांवर ती परत चढली. काडतुसं मधल्या खोलीतल्या पेटीत आहेत आणि किल्ली माझ्या कमरेच्या बटव्यात.

आठवडाभरात गल्लीतल्या एका घरचं लग्न निघालं. नवरदेवाचा मामा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "अक्का, वरातीला बंदूक घेऊन या. पारावर दोन बार काढू, शोभा येईल." मी त्याला सांगितलं की आनंदात निष्काळजीपणे गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, कायदा नसता तरी दिली नसती. पाराभोवती पोरं असतात. तो उठला, चप्पल पायात सरकवली आणि जाता जाता म्हणाला, "माझ्या लग्नाला माझ्या बापानं आबांकडं मागितली हुती. त्यांनी बी दिली न्हवती."